ताईचं हसू

स्टुडिओच्या खोलीत शिरण्यापूर्वी पोपट बूट बाहेर काढायचा, घड्याळ काढायचा, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवायचा. माइकला सगळं ऐकू येतं. पोटात कावळे ओरडले तरी ऐकू येतं, म्हणून तो पोटभर खाऊन यायचा. त्याचा धंदाच तो: पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी वाचायला सवड नाही ते कानांनी वाचतील. पोपट हे नाव ताईनं ठेवलेलं. "दुसऱ्यानं लिहिलेलं बोलतोस, वर त्याचे पैसे घेतोस, मग दुसरं काय म्हणू?" असं ती म्हणायची, आणि पुढे सगळं जगच त्याला पोपट म्हणायला लागलं.

या खेपेला प्रकाशकांनी त्याच्या हातात काळं पुस्तक दिलं होतं. पुस्तकाला त्याचं स्वतःचं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. मुखपृष्ठ काळंकुट्ट, म्हणून काळं पुस्तक. म्हणायला विनोदी गोष्टींचा संग्रह, पण विनोद असा की हसता हसता घशात हाड अडकावं. लिहिणारा जाऊन जमाना झाला. त्याच्या बरोबरीचे लेखक आता रद्दीतसुद्धा सापडत नाहीत, आणि हे पुस्तक मात्र बापाकडून लेकीकडे, लेकीकडून शेजाऱ्याकडे असं हिंडतच राहिलं. कारण सोपं आहे. त्यात प्रत्येकाला आपला साहेब सापडतो, आपली जाऊ सापडते, आपला घरमालक सापडतो. आपण स्वतः मात्र कुणालाच सापडत नाही, म्हणून सगळे खूश.

ताईची प्रत तर अशी झिजलेली की तिला पुस्तक म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीमुळे. आईवडील लवकर गेले, ताईनं स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला सारला, टेलिफोन ऑफिसात नोकरी धरली आणि या धाकट्या भावाला वाढवलं. संध्याकाळी थकून आली की ती पाय वर घेऊन बसायची आणि त्याच्याकडून त्यातली एकच गोष्ट वाचून घ्यायची. पोपटचा आवाज तिथेच तयार झाला.

गोष्टीचं नाव 'आगाऊ शोकसभा'. एका गावात शोकसभा भरवणारं मंडळ असतं. सभागृह ठरलेलं, फुलं आलेली, भाषणं पाठ, पण गावात बरेच महिने कुणी मरतच नाही. मग सगळ्यांत म्हाताऱ्या सभासदाची शोकसभा आगाऊ उरकायचं ठरतं. म्हातारा पहिल्या रांगेत बसून स्वतःची स्तुती ऐकतो, सुखावतो, मान डोलावतो. दुखवट्याचा ठराव वाचला जातो तेव्हा हात वर करून म्हणतो, 'दिवंगत लिहिलंत ते ठीकच आहे हो, पण त्याच्या आधी सुप्रसिद्ध राहिलं.' त्यानंतर शेवटचं पान. ठराव एकमतानं मंजूर होतो, आणि मंजूर झालेला ठराव मागे घ्यायची मंडळाच्या घटनेत सोय नसते. म्हातारा त्या सभागृहातून बाहेर येत नाही.

'सुप्रसिद्ध'पाशी ताई हसायची. तिचं हसू आधी दिसायचं आणि मग ऐकू यायचं. खांदे हलायचे, तोंडातून हूं नाही की चूं नाही. मग एकदम आत ओढलेला लांबलचक श्वास, आणि मांडीवर फाडकन थाप. असं हसणारं दुसरं माणूस पोपटनं पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यावर त्याचा जीव होता.

काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. वाचन संपलं की तो पोपटला तसंच बसवून ठेवायचा आणि रिकाम्या खोलीची शांतता मुद्रित करायचा. कुणाला वाटेल, शांततेत काय मुद्रित करायचं? पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचनातली चूक कापली की त्या जागी त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याचा पाय खड्ड्यात पडल्यासारखं होतं.

काळं पुस्तक सुरू झालं आणि काही दिवसांतच कानसेननं त्याला काचेपलीकडे बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"जरा हे ऐक."

पोपटनं हेडफोन कानाला लावले. आधी नुसती शांतता. मग त्या शांततेच्या तळाशी, भिंतीपलीकडून यावं तसं, माणसं हसत होती. दहा-पंधरा तरी असतील. एकजण हसता हसता खोकत होता.

"शेजारी कुणी आलंय का?"

"भिंतीत एवढा जाड कापूस भरलाय. शेजारी बँड वाजला तरी आत येत नाही." कानसेननं आवाज खाली आणला. "शेवटी जो खोकतोय ना... ते माझे काका आहेत."

"मग बोलाव की आत. चहा घेऊ."

"काका जाऊन किती वर्षं झाली. शेवटपर्यंत हेच पुस्तक उशाला होतं त्यांच्या."

पोपटला हसू आलं नाही. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

पुढे तो वाचत असतानाच हेडफोनमध्ये हसू यायला लागलं. चुकूनमाकून नाही, जिथे यायला हवं बरोबर तिथे. पोपट वाक्याच्या आधी जरा थांबला की पलीकडे श्वास रोखले जायचे, आणि वाक्य पडलं की हलका कल्लोळ उठायचा. खोलीत तेव्हा बंद कपाटातल्या कागदांचा वास पसरायचा, कोमट आणि जरासा गोडसर. प्रकाशनगृहातले म्हातारे मुद्रितशोधक गेले, आणि त्यांना पोचवून आल्यावर पोपट वाचायला बसला तर त्यांचं नाकातून येणारं हसू मागच्या रांगेत होतं. मागची रांग, असंच त्याच्या मनात आलं. खोलीत त्याच्या स्वतःच्या खुर्चीशिवाय दुसरी खुर्ची नव्हती.

"आपल्याला काही करत तर नाहीत," कानसेन एकदा पुटपुटला. "हसतातच फक्त. हसणारी माणसं वाईट नसतात."

"कुणी सांगितलं तुला?"

त्या दिवसापासून मात्र कानसेन काचेपलीकडचा दिवा चालू ठेवायला लागला.

पोपटनं हे काम केव्हाच टाकलं असतं. पण ताईच्या हृदयाची झडप बिघडली होती, शस्त्रक्रिया ठरली होती, हे पुस्तक तूच वाचायचं असा तिचा हट्ट होता, आणि आजारी माणसानं धरलेला हट्ट मोडवत नाही. 'आगाऊ शोकसभा' तेवढी राहिली होती. तो ती टाळत आला होता. शस्त्रक्रियेच्या सकाळी ताईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो कडेनं चालत होता, आणि ती त्यालाच दटावत होती.

"इथे बाकावर बसून तू काय माझी झडप शिवणार आहेस? जा, वाच जा. माझीच गोष्ट राहिलीय ना?"

"उद्या वाचेन."

"उद्याचं कुणी पाहिलंय? शुद्धीवर आले की मला ऐकव. आणि 'सुप्रसिद्ध'च्या आधी घाई करतोस, ती करू नकोस."

दार मिटलं. आत काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. पोपट बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. आणि मग त्याच्या मनात ते शिरलं. त्या खोलीत मेलेलीच माणसं हसतात. ती गोष्ट आज वाचली, 'सुप्रसिद्ध'पाशी आलो, आणि तिचं हसू आलं नाही, तर ती अजून आहे. डॉक्टरच्या आधी आपल्याला कळेल. भीतीनं माणसाची अक्कल चरायला जाते ती अशी. तो उठला आणि थेट स्टुडिओत गेला.

कानसेनला त्यानं काही सांगितलं नाही. बूट काढले, घड्याळ काढलं, किल्ल्या ठेवल्या. जाड दार मागे लागलं आणि बाहेरची दुपार संपली. कपाटाचा वास आज आधीपासूनच होता.

तो वाचायला लागला. शोकमंडळाच्या अध्यक्षाला मढं मिळत नाही म्हणून झोप लागत नाही, तिथे सगळे हसले. काकांचा खोकला, मुद्रितशोधकांचं नाक. पोपट प्रत्येक हसू चाचपून बघत होता. हे तिचं नाही. हेही नाही. तोंडावर हात दाबून कोण बाई हसते आहे? नाही, ती नाही. त्याचे हात घामेजले होते आणि पानं बोटांना चिकटत होती. गोष्ट पुढे सरकली. म्हातारा पहिल्या रांगेत बसला. भाषणं झाली. ठराव वाचायला अध्यक्ष उठला.

"दिवंगत लिहिलंत ते ठीकच आहे हो..." पोपट थांबला. ताईनं सांगितलं होतं तसा, घाई न करता थांबला. "पण त्याच्या आधी सुप्रसिद्ध राहिलं."

खोली हसली. ते हसू ओसरलं. मग शांतता झाली.

पोपटनं सुटकेचा श्वास घेतला. घेतला न घेतला, तोच हेडफोनमध्ये, अगदी मागे, कुणीतरी आत लांबलचक श्वास ओढला.

फाडकन मांडीवर थाप पडली.

"नाही," पोपट म्हणाला. माइकमध्येच म्हणाला. "ताई, नाही... तू नाही."

ती मंडळी वाट बघत होती, हे त्याला कातडीला कळत होतं. खुर्च्या नसलेल्या खोलीत खुर्च्या पुढे सरकल्या. त्याच्या मानेवर कोमट श्वास आला, आणि हातातलं पान, शेवटच्या पानाच्या आधीचं, आपलं आपण कोपऱ्यातून जरासं उचललं गेलं. पोपटनं त्यावर पंजा दाबला. त्याला एकच समजत होतं, शेवट वाचायचा नाही. म्हातारा सभागृहातून बाहेर येत नाही हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्यानं पुस्तक मिटलं, हेडफोन ओढून फेकले आणि अनवाणीच बाहेर पळाला. काचेपलीकडे कानसेन दोन्ही हातांनी कान दाबून बसला होता.

संध्याकाळी शल्यविशारद बाहेर आले ते हसत आले. ताई ठीक होती. "शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवावं लागतंच," ते म्हणाले. "परत चालू व्हायला मात्र फार वेळ घेतला हो त्यांनी. आम्ही आशा सोडत आलो होतो. मग आपलं आपणच चालू झालं, अगदी कुणी मधेच उठवून पाठवल्यासारखं." पोपट त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. तो रडला, आणि रडण्याची त्याला लाज वाटली नाही.

ताई घरी आली. जेवायला लागली, खोलीतल्या खोलीत फिरायला लागली, औषधं वेळेवर घ्यायला लागली. सगळं झालं, फक्त ती हसत नव्हती. पोपटनं ठेवणीतले विनोद काढले, माकडचेष्टा केल्या, तिच्या जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवली. ती त्याच्याकडे सभ्यपणे बघायची. पाहुण्यांकडे बघतात तशी.

"अशक्तपणा आहे," तो स्वतःला समजावत राहिला.

एक दिवस तिनंच विषय काढला.

"शेवट वाच ना रे."

"कसला शेवट?"

"गोष्टीचा. 'सुप्रसिद्ध'पाशी थांबलास ना तू."

पोपटनं हातातली वाटी खाली ठेवली. कुठे थांबलो ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि कानसेननं तर त्या दिवसापासून तोंड शिवलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मागे बसले होते, त्यामुळे दिसत नव्हतं नीट. पण ऐकू छान येत होतं."

"ताई, तुला गोष्ट तोंडपाठ आहे. अख्खी."

"पाठ असणं वेगळं. अर्धवट ऐकलं की जीव तिथेच अडकून राहतो." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. हात गार नव्हता, चांगला उबदार होता. "एकच पान आहे. वाच ना."

त्यानं वाचलं नाही. घरातली काळ्या पुस्तकाची प्रत त्यानं गुंडाळून स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली कानसेनकडे दिली. प्रकाशकांना सांगितलं की ध्वनिमुद्रण बिघडलं, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. ते चिडले, पण त्याला पर्वा नव्हती. ती हसली नाही तरी चालेल, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. न हसणारी ताई, पण ताई. तिनं आणखी दोन-तीनदा विचारलं, आणि मग विचारणं सोडून दिलं. पोपटला वाटलं, सुटलो.

एका दुपारी तो स्वयंपाकघरात तिच्यासाठी सूप गाळत होता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. आणि आतल्या खोलीतून आवाज आला. आत ओढलेला लांबलचक श्वास, आणि मांडीवर फाडकन थाप.

पोपटला इतका आनंद झाला की गाळणी हातातून पडली. परत आलं तिचं हसू! आली माझी ताई! तो तसाच ओल्या हातांनी धावला आणि त्यानं दार उघडलं.

ताई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. हात रिकामे होते. तिच्या समोर, भिंतीशी, रिकामी खुर्ची ओढून ठेवलेली होती, आणि खोलीत बंद कपाटातल्या कागदांचा वास होता. तिचे खांदे अजून हलत होते, डोळ्यांत हसून आलेलं पाणी होतं. त्याच्याकडे न बघता तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "वाचता वाचता शेवटच्या पानावर आलेत ते."