अनोळखी माणसाची गाडी

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या इस्पितळासमोरच्या थांब्यावर गेनॉर उभी होती. दिवसभर प्रयोगशाळेत परक्यांच्या रक्तातले जंतू शोधून तिचे डोळे जड झाले होते. त्यात बस रद्द झालेली, आणि पावसात बर्फाचे कण. तेवढ्यात एक निळी गाडी थांबली. काच खाली आली.

"सोडू का कुठं? भिजताय तुम्ही."

पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोळे हसरे. नकाराला सबळ कारण नव्हतं. तरीही ती दोन पावलं मागं, थांब्याच्या छपराखाली सरकली.

"अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नसतं," ती म्हणाली, आणि चौपन्नाव्या वर्षी आपण हे बोललो म्हणून कानापर्यंत लाल झाली.

तो मात्र खुलला. "लहानपणीची टीव्हीवरची सरकारी सूचना! कार्टून संपलं की लागायची... पण मी कुठं त्यातल्या माणसासारखं म्हणालो, कुत्र्याची पिल्लं दाखवतो म्हणून?"

"आणि विजेच्या तारांत पतंग अडकायचा, ती आठवते?"

"टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपणारा मुलगा? मी आठवडाभर घरचं कपाट उघडलं नव्हतं!" तो उतरून छपराखाली आला – अंतर राखून. "मी रसेल. आग लागू नये म्हणून अजून झोपताना टीव्हीचा प्लग काढतो, सूचनेत सांगायचे तसा."

"नवरा घर सोडून गेला ना, त्या दिवशीही मी आधी प्लग काढला. मग रडले."

दोघंही हसले. मग तो हळूच म्हणाला, "किती घाबरायचो! पण कुणीतरी आपली काळजी करतंय, असं वाटायचं... त्या सूचनांमुळेच जगलो आपण."

"पुरावा काय? दगावलेले साक्ष द्यायला येत नाहीत."

"बाप रे! मग माझ्यावर विश्वास बसायला काय लागेल?"

दूरच्या वळणावर पुढची बस दिसली. ती पकडली की हा माणूस कायमचा अनोळखीच राहणार होता.

"आईला विचारावं लागेल," ती म्हणाली, आणि तिनं खरोखरच फोन लावला.

"पोपलटन बेकरीवाल्यांचा धाकटा म्हणावं," तो कुजबुजला.

"त्यांचा केक घशाखाली उतरत नाही," पलीकडून आई म्हणाली. "पण माणसं बरी आहेत. जा त्याच्याबरोबर. आणि पट्टा लाव गं."

बस थांबली. गेनॉरनं ड्रायव्हरला हातानंच पुढं जायची खूण केली.

गाडीत बसल्यावर तिनं आधी पट्टा लावला.

"सावध राहून राहून दमलेय हो मी..."

"मीही." त्यानं हीटरची झडप तिच्या पायांकडे वळवली. "कुठं जायचं?"

"रॉयस्टनला. सरळ रस्ता जवळचा आहे –" ती क्षणभर थांबली. "पण गाडी लांबून घेतलीत तरी चालेल."