बहिऱ्या बाजूला

तपासणीची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. भिंतींना करड्या रंगाचा जाड फोम, दाराच्या कडेने रबराची पट्टी, खाली गालिचा. दार लावलं की रस्ता, जिना, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाची घरघर, सगळं एकदम पुसलं जायचं आणि माणसाला स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा ऐकू यायचं. पहिल्यांदा येणारी माणसं तिथे अवघडायची आणि अवघडली की उगाच काहीबाही बोलत बसायची. कान तपासणाऱ्या बाईला त्याची सवय होती. लोक तिला आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही ‘कानमॅडम’ म्हणायला लागले होते आणि तिला ते आवडायचं. घरी मात्र ती लेखकाची बायको होती, आणि ते आवडण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते.

लेखकमहाशय गूढकथा लिहीत. भुताखेतांच्या नव्हे, विज्ञानाच्या. सभेत त्याचं एक ठरलेलं वाक्य असे. “खरं विज्ञान मुळातच इतकं विलक्षण असतं, की मला फक्त एक पाऊल पुढे टाकावं लागतं.” मग टाळ्या. ते पाऊल ज्या जमिनीवरून टाकायचं, ती जमीन बायको त्याला जेवताना आयती वाढत होती, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

ती आपली सहज बोलायची. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही बारीक आवाज करतो, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. बाहेरून टकटक आवाज सोडला की त्या हलतात आणि उलट आपला आवाज बाहेर टाकतात. कानात मऊ गुंडी बसवायची, गुंडीत इवलासा मायक्रोफोन, की तो आवाज पडद्यावर रेघेच्या रूपात दिसतो. तान्ह्या बाळांचे कान असेच तपासतात, कारण बाळाला विचारून उपयोग नसतो. एखाद्याचा कान तर इतका वाजतो, की जवळ बसलेल्यालाही ऐकू येतो. हे ऐकताना लेखकाचा घास हातातच राहायचा. “थांब, परत सांग.” ती परत सांगायची. काही महिन्यांनी गोष्ट तयार व्हायची आणि कच्चा मसुदा आधी तिच्या हातात यायचा. जे होऊच शकत नाही, त्याच्यावर ती हिरव्या पेनाने काट मारायची. तो कुरकुरायचा, पण सुधारायचा. दोघांनी मिळून करायचा संसारात तेवढा एकच उद्योग शिल्लक राहिला होता.

मध्येच लेखकाचा डावा कान गेला. सर्दी नाही, मार लागलेला नाही. सकाळी उठला तो डावी बाजू बंद. असं क्वचित होतं आणि पुष्कळदा गेलेलं परत येत नाही. तिनेच तपासलं, रेघ सपाट आली. “आतल्या पेशी गेल्या,” ती म्हणाली, “तिथून आता काही येणार नाही.” लेखकाच्या थोरल्या बहीण, ताई, दूरच्या गावी असायच्या, गुडघ्यांमुळे त्यांनी प्रवास सोडला होता, म्हणून फोनवरच रडल्या. लेखकाने मात्र त्याचा विनोद करून टाकला. बायकोला डावीकडे बसवलं की संसार सुखाचा होतो, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती डावीकडे बसून हसायची.

मग त्याला एक मोठा पुरस्कार मिळाला. समारंभात एका वाचकाने विचारलं, इतकं विज्ञान तुम्ही आणता कुठून? लेखक म्हणाला, “वाचन. आणि थोडी नजर लागते.” ती तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसली होती. नाव घेवो न घेवो, निदान आपल्याकडे बघेल तरी, असं तिला वाटलं होतं. घरी येताना त्याने विचारलं, “बरं बोललो ना?”

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने त्याला थाप मारली. शांतपणे, भाजी वाढता वाढता. म्हणाली, पार बहिऱ्या कानातूनही कधी कधी आवाज येतो, पण तो कानाचा स्वतःचा नसतो. आत गेलेलं बोलणं मेंदूपर्यंत पोचत नाही, पण वायाही जात नाही. साचून राहतं आणि पुढे कधीतरी बाहेर पडतं. लेखकाचा घास हातात राहिला. धडधडीत खोटं होतं ते. कुणीतरी जाणकार पकडेल, चारचौघांत याचं हसं होईल, एवढीच तिची इच्छा होती. मसुदा आला तेव्हा तिने हिरव्या पेनाचं टोपणही काढलं नाही.

कुणीही पकडलं नाही. घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यासमोर सगळे वाटेल ते बोलतात आणि एक दिवस त्याचा कान ते सगळं परत करू लागतो, अशी ती गोष्ट. ती त्याची सर्वांत गाजलेली गोष्ट ठरली. एका कानाच्या डॉक्टरांचंसुद्धा पत्र आलं, अंगावर काटा आला म्हणून. तिने ते पत्र वाचलं आणि तिला आपल्या शिक्षणाचीच लाज वाटली.

त्याच सुमारास तिला ती सवय लागली. लेखक उशिरा उठायचा आणि उजव्या कुशीवर झोपायचा. चांगला कान उशीत, गेलेला कान वर. कामावर निघताना ती पलंगाच्या कडेला बसायची, वाकायची आणि त्या कानात बोलायची. सुरुवातीला किरकोळ, भिजत टाकलेल्या टॉवेलबद्दल वगैरे. मग धीर चेपला. “तू सभेत हसतोस ना, तेव्हा मला तुझी किळस येते.” “तुझी ती गोष्ट माझ्या थापेवर उभी आहे.” एकदा म्हणाली, “मला आता तू नको आहेस. पण हे तुला सांगायला लागणारा वेळही मला तुझ्यावर घालवायचा नाही.” मग पर्स उचलून ती हलक्या पावलांनी जिना उतरायची. ज्या कानातून काही येणार नाही, असं तिनेच तपासून सांगितलं होतं, त्याच्याइतकी खात्रीची जागा दुसरी कुठली असणार?

एका दुपारी बहिरेपणाच्या दाखल्यासाठी एक काका आले, सुनेने आणले. कारखान्यात जन्म गेलेला, कान केव्हाच निकामी झालेले. रेघ सपाट यायला हवी होती. ती आली नाही.

तिने वायर पाहिली, गुंडी पुसली. मशीन तपासायची एक पोकळ नळी असते, त्यात गुंडी बसवून पाहिली, तिथे शांत. पुन्हा काकांच्या कानात बसवली, तर रेघ पुन्हा हलायला लागली. टकटक बंद केली, तरी हलतच राहिली. शेवटी तिने स्पीकर चालू केला. गोधडीखालून यावा तसा बायकी आवाज आला.

“वाढलंय म्हणावं यांना, पण ऐकतंय कोण. सुटतील तर बरं एकदाचे.”

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. आवाज त्यांचाच होता. काका दोघींकडे पाहून हसत होते. ते सगळ्यांकडे पाहून तसंच हसायचे.

“मशीन बिघडलंय,” कानमॅडम म्हणाली.

“बिघडलंच असणार,” सूनबाई म्हणाल्या. त्यांनी काकांना हाताला धरून उठवलं, वाटेतली खुर्ची पायाने बाजूला सारली आणि जाताना त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

कंपनीचा माणूस येऊन मशीन उघडून गेला. काही बिघाड नव्हता. पुढे आणखी बहिरे कान आले, तपासणीच्या खोलीत बसले आणि रेघ हलत राहिली. तिने पुन्हा स्पीकर लावला नाही. अहवालात ‘प्रतिसाद नाही’ एवढंच लिहून टाकायची, आणि खोटा अहवाल आयुष्यात तिने याआधी कधी लिहिला नव्हता. कारण शोधायचा तिने प्रयत्न केला. पुस्तकं काढली, जुन्या सरांना आडून आडून विचारून पाहिलं, हाती काही लागलं नाही. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्या कानांपायी नव्हे. घरी उशीवर एक कान होता, आणि त्यात तिने स्वतःला रिकामं केलं होतं. त्या कानात बोलणं तिने काका आले त्याच दिवशी बंद केलं. पण गेलेलं आत गेलं होतं.

मशीन घरी नाही, तोवर ठीक आहे, असं ती मनाशी म्हणायची. तो कशाला येतोय तपासून घ्यायला? त्या गोष्टीनंतर त्याला दुसरी सुचली नव्हती, तो नुसता घरात येरझाऱ्या घालायचा आणि जेवताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. ती पाण्याचा तांब्या पुढे करायची.

सूनबाई लेखकाच्या वाचक निघाल्या. त्यांनी त्याला फोन केला.

तो दुपारच्या सुट्टीत आला. आल्या आल्या तपासणीच्या खोलीतल्या खुर्चीत बसला आणि दार लावून घे म्हणाला.

“म्हणजे माझी गोष्ट खरी ठरली. आणि तू मला बोलली नाहीस.”

“ते विज्ञान नव्हतंच,” ती म्हणाली. “मी बनवून सांगितलं होतं. मुद्दाम.”

तो रागावला नाही. नुसता अपमान झाल्यासारखा दिसला.

“बनवायचं काम माझं,” तो म्हणाला. “तू कशाला शिरलीस त्यात?”

त्याने खुर्ची मशीनकडे सरकवली.

“माझा कान लाव.”

“त्यात काही नाही. मीच तपासलाय.”

“लाव म्हणतो ना.”

नाही म्हणायला कारण सुचेना. तिने त्याच्या डाव्या कानात गुंडी बसवली. स्पीकर लावायचा नाही, हेडफोन आपण घालायचा आणि काही नाही म्हणून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने हात पुढे करायच्या आत त्याने हेडफोन उचलून उजव्या कानाला लावला.

रेघ हलायला लागली.

तो ऐकत होता. आधी त्याने भुवया वर केल्या. मग मान खाली घातली. भिंतीवरच्या फोमवर तिची नजर खिळली होती. ती वाट बघत होती, आता हा उठेल, ओरडेल, निदान विचारेल तरी. तिला स्वतःचं आवंढा गिळणं ऐकू येत होतं.

त्याने डोकं वर केलं. डोळे चमकत होते. घास हातात राहायचा तेव्हा चमकायचे, तसेच.

“काय ऐकलंस?” तिने विचारलं.

“सगळं. तू सकाळी बोलायचीस ते. आणि त्याच्या पुढचं.”

“पुढचं काही नाही. मी बोलणं बंद केलंय.”

त्याने हेडफोन काढून तिच्या हातात दिला. गुंडी कानात तशीच ठेवली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “हे मी वापरू का?”

आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं.

तिने हेडफोन लावला.

तिचा आवाज नव्हता. एक खोली होती. पुष्कळ माणसं होती त्या खोलीत, हळू आवाजात बोलणारी, पावलं न वाजवता वावरणारी. कुणीतरी खिडकी उघडली. कुणीतरी दुसऱ्या कुणाला, डॉक्टर गेले का, असं विचारलं. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, एक श्वास होता. तो तिचा स्वतःचा होता, तिने लगेच ओळखला.

मग ताईंचा आवाज आला, रडून बसलेला. डावा कान गेल्यापासून ताई त्यांच्या घरी कधी आल्याच नव्हत्या. हे अजून घडलेलंच नव्हतं.

“अगं, त्या कानाने त्याला ऐकू येत नाही. या बाजूला येऊन बस. जे काय बोलायचंय ते आता इकडून बोल.”

“माहीत आहे, ताई,” तिचा आवाज म्हणाला.

यानंतर ती उठल्याचा आवाज यायला हवा होता. ती थांबली. समोर लेखक पेन उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. तिने आवाज वाढवला, पार शेवटपर्यंत वाढवला. श्वास तिथेच होता, कानाशी. उठून कुणी दुसऱ्या बाजूला गेलं नाही.