उभ्या गाडीचं तापलेलं ऑइल

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे ऐकीव नाही. माझ्याच दारात घडलंय.

मी नवनाथ. मांडवगण फराट्याला, उसातल्या वस्तीवर राहतो. एकटाच.

थोरला भाऊ जालिंदरदादा गेल्या श्रावणात गेला. झोपेतच. वहिनी दौंडला अंगणवाडीत आहेत, म्हणून त्यांचं बिऱ्हाड तिकडं. दादा दिवसभर इथं शेती बघायचा, आणि दिवस कलला की मोटारसायकल काढून दौंडला जायचा. रोज.

तो गेल्यावर गाडी माझ्याकडं आली.

इंजिन फार तापायचं. म्हणून मार्गशीर्षातल्या एका रविवारी ऑइलचं तापमान दाखवणारा सेन्सर घरीच बसवायला घेतला. खालचा बोल्ट खोलून जुनं ऑइल काढलं. त्या जागी सेन्सरचा बोल्ट आवळला, नवीन ऑइल भरलं. त्याचं मीटर हँडलला लावलं. वायर चावीच्या स्विचला जोडायची होती, पण तोवर तात्पुरती थेट बॅटरीला दिली. मीटर चालूच राहिलं. गाडी चालू करून पाहिली. गळती नव्हती. बंद करून अंघोळीला गेलो.

संध्याकाळी म्हशीची धार काढून आलो.

ओट्यापुढं गाडी उभी. इंजिन कधीच गार झालेलं. चावी माझ्या खिशात.

आणि मीटरचे लाल आकडे...

चढत होते.

चाळीस. पंचेचाळीस. साठ.

वाटलं, सेन्सर खराब निघाला. खात्री करायला इंजिनला हात लावला...

चटका बसला.

सायलेन्सरही तापलेला. उसात वारा नव्हता. कुत्रं गाडीपासून लांब, कुडाला चिकटून बसलेलं. आकडा नव्वदपर्यंत गेला, बराच वेळ तिथंच राहिला. मग हळूहळू उतरायला लागला. लांबून आलेली गाडी निवताना वाजते ना, तसा बारीक आवाज...

टिक... टिक...

गाडी मात्र जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच वेळेला.

दादा निघायचा, त्या वेळेला.

तिसऱ्या संध्याकाळी मला राहवलं नाही. आकडा नव्वदला गेल्यावर मी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, बऱ्या हाय ना?"

"व्हय." मग हळूच म्हणाल्या, "भावजी, गाडी तुमच्याकडंच हाय ना?"

मी गाडीकडं पाहिलं. "समोरच उभी हाय. का?"

"रोज दिवस बुडाला की दारापुढं येऊन थांबती. तेराव्यापासनं. म्या दार उघडत न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? खुळी झाली म्हणाले असते समदे."

मी काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला...

इंजिनचा.

दादाच्या गाडीचा आवाज मी हजारात ओळखीन. मधेच एक खट् वाजायचं. तेच वाजत होतं. तिकडं, दौंडला.

इथं माझ्यासमोर तीच गाडी मुकाट उभी होती. मीटरवर ब्याण्णव.

"ऐकलंत?" वहिनी कुजबुजल्या.

"दार उघडू नका, वहिनी."

त्या रडत होत्या. "किती दिस बाहेर उभं ठिवू, भावजी?"

फोन बंद झाला.

मी परत परत लावला. उचलला नाही. गाडीजवळ बसून राहिलो. त्या दिवशी निवतानाचा टिकटिक आवाजही आला नाही. आकडा एकदम खाली आला. हात लावला, तर इंजिन विहिरीतल्या दगडासारखं गार.

सकाळी वहिनींचाच फोन आला. आवाज अगदी शांत.

"उघडलं म्या दार."

"कोण होतं?"

"जेवलात का तुम्ही? वेळेवर जेवत जावा."

एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच निघू दिला नाही. आता हसून बोलतात. पण फोनवर मधेच थांबतात, कुणीतरी आतून हाक मारल्यासारख्या... आणि "आले" म्हणतात. मला नाही.

मीटर अजून गाडीवर आहे. तो आकडा परत कधी चढला नाही. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी मी अजूनही त्याच्याकडं बघत बसतो. घरात दुसरं कुणी नाही.

वहिनी म्हणतात, "या की एकदा दौंडला."

जावंसं वाटतं. किकवर पायही ठेवतो.

पण दार कोण उघडेल, हा विचार येतो... आणि पाय खाली घेतो.