रिकाम्या हाताने गेलेला धनराज

ही घटना माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, आणि या वयात खोटे बोलून मला काहीही मिळवायचे नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी येथेच थांबावे.

एप्रिल २००२. मंगळवार. दुपारचे तीन.

कळवणला पुतण्याचे लग्न उरकून मी आणि माझी सून मोहिनी नाशिकला परतत होतो. वणी ओलांडल्यावर एका लहानशा गावात गाडी तापली. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला.

मोहिनी सकाळपासून गप्प होती. कारण मला ठाऊक होते.

आदल्या दिवशी हळदीच्या वेळी बायकांनी तिला पुढेही बोलावले नव्हते आणि मागेही बसवले नव्हते. नात्यातली चिमणाबाई तर सरळ म्हणाली होती, "हिला हळद लावू द्यायची का नाय, एकदाचं ठरवा की ओ."

मोहिनीचा नवरा, म्हणजे माझा एकुलता एक मुलगा धनराज, फौजेत होता. १९९१ साली बर्फाचा कडा कोसळला. सात जण गाडले गेले. सहा सापडले.

धनराज सापडला नाही.

देह नसेल तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी मी अकरा वर्षे होऊ दिला नव्हता. मोहिनीच्या कपाळावरचे कुंकूही पुसू दिले नव्हते. माझा मुलगा येणार आहे, असे मी सांगितले होते. माझ्या घरात माझा शब्द मोडत नाहीत.

"आत्याबाई, ते बघा," मोहिनी म्हणाली.

जुन्या गोदामावर पाटी होती. सैनिक स्मृती संग्रहालय. माजी सैनिकांनी वर्गणी काढून उभारलेले.

"उन्हात काय बघायचे आहे?"

"मला बघायचंय."

अकरा वर्षांत ती प्रथमच अशी बोलली. मी उतरले.

दाराशी कारभारी नावाचे निवृत्त हवालदार बसले होते. "चपला भायेर. हितं जनरल आला तरी चपला काढतो."

"आला होता का कधी?" मी विचारले.

"आजून नाय. पन नियम तयार हाय."

मोहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी.

आत एकच लांब खोली होती. गंजलेली शिरस्त्राणे, पदके, पिवळी पडलेली पत्रे. मोहिनी कारभाऱ्यांबरोबर पत्रांपाशी थांबली. मी एकटी टोकापर्यंत गेले.

तेथे बर्फातल्या पोशाखाचा पुतळा उभा होता. पांढरा जाड कोट, डोक्यावर टोपडे, चेहरा झाकलेला.

छपरात चिमण्या चिवचिवत होत्या...

त्या एकदम थांबल्या.

मग मागून आवाज आला. कुरकुर... कुरकुर... मिठाच्या राशीवरून कोणी जड पावले टाकत यावे तसा. मी जन्मात बर्फ पाहिलेला नाही. तरी मला कळले, तो कशाचा आवाज आहे.

मी वळले नाही. भिऊन मागे पाहण्याची मला सवय नाही.

आवाज माझ्या शेजारून पुढे गेला... आणि पुतळ्यापाशी थांबला.

पुतळ्याचा उजवा हात पुढे आला होता.

उताणा. तळवा रिकामा. बोटांची टोके काळी पडलेली.

आणि तो हात कशासाठी पसरला आहे, हे जगात मला आणि मोहिनीलाच माहीत होते.

शेवटच्या रजेत मी धनराजला म्हटले होते, नोकरी सोड आणि द्राक्षबाग सांभाळ. तो नाही म्हणाला. निघायच्या दिवशी मी देवघरात माळ घेऊन बसले. तो उंबऱ्यात उभा राहिला, हात पसरून.

"आई, दही."

प्रत्येक वेळी निघताना मी त्याच्या हातावर दही ठेवत असे. त्या दिवशी मी उठले नाही. मोहिनी वाटी घेऊन धावली, तर म्हणाला, "नको. आईच्या हातचंच पाहिजे."

बराच वेळ उभा राहिला. मग रिकाम्या हाताने गेला.

हे मी कोणालाही बोलू दिले नव्हते. मोहिनीलाही नाही.

"धनराज," मी म्हणाले, "आत्ता नाही रे माझ्याजवळ."

तळव्यावर पाणी जमू लागले. थेंब जमिनीवर पडला... टप्. आणखी एक.

"आत्याबाई!" मोहिनीने मला सावरले. पुतळ्याच्या दोन्ही बाह्या सरळ खाली होत्या.

"याचा हात..." मी म्हणाले.

कारभारी चमकले. "हात कुठला, आई? त्याला हातच नाय. पेंढा भरलाय. बाह्या टाचणीनं टाचल्या हायत, बघा."

टाचण्या जागेवर होत्या.

जमिनीवर मात्र पाणी होते. मोहिनीने ते बोटाने टिपले आणि गारठ्याने चटकन हात मागे घेतला. बाहेर लाही फुटेल असे ऊन होते.

गाडीत बसल्यावर मी एवढेच म्हणाले, "पळसाचा पुतळा करू. या अमावास्येला."

मोहिनी खिडकीकडे तोंड करून नाशिक येईपर्यंत रडत होती.

आमच्या घरातल्या बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. मला अडवण्याची कोणाची छाती झाली नाही. गोदाकाठी पळसाच्या देठांचा पुतळा निजवला होता. अग्नी देण्यापूर्वी मी वाकले आणि त्याच्या उजव्या हाताच्या जागी दही ठेवले. पहाटे मी स्वतः विरजणातून काढलेले.

"ये आता," मी म्हणाले.

गुरुजींनी मला बाजूला व्हायला सांगितले. उठताना माझी बोटे त्या दह्याला लागली...

ते गोठले होते. दगडासारखे. भर उन्हात.

कणभरही कमी झाले नव्हते.

मोहिनी म्हणते, धनराजने हात लावला म्हणूनच ते गोठले. ती आता कुंकू लावत नाही, शांत झोपते, आणि या घरात पहिल्यासारखी मोठ्याने बोलते. मी तिचे म्हणणे खोडून काढत नाही.

पण आजही घरातून कोणी गावाला निघाले की मी वाटी घेऊन आधीच उंबऱ्यात उभी असते. जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवते. तो निघून जातो.

आणि मग उंबऱ्यापलीकडून... कुरकुर... कुरकुर...

मी वाटीत थोडे दही राखून ठेवलेले असते. हात पुढे करते.

ते घ्यायला अजून कोणी आलेले नाही.