चारशे तीनची खुर्ची

दार लावून घे गं, आणि तो मोबाइल पालथा ठेव. मध्ये मध्ये तोंडावर उजेड पाडून घ्यायचा असेल तर मी आपला झोपायला जातो.

माझा एक मावसभाऊ आहे, एका मोठ्या सोसायटीचा मॅनेजर. पगाराबरोबर तळमजल्यावर राहायला जागा, खोली नंबर दोन. तिथे तो आणि त्याची आई, म्हणजे माझी मावशी. मावशी अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. पडल्या पडल्या सगळ्या सोसायटीला नावं ठेवायची.

तर त्या सोसायटीच्या मागच्या बाजूला रात्रीचं कुणीतरी सामान टाकून जायचं. रोजचा कचरा नव्हे, गाद्या, फुटकी बेसिनं, रंगाचे डबे, एकदा तर अख्खा फ्रिज. नगरपालिका उचलेना आणि रहिवासी ह्याचं डोकं खायचे. ह्याची एक पद्धत होती. टाकलेल्या वस्तूभोवती खडूनं गोल काढायचा. वस्तू कुणाची ते कळलं, की गोलात त्या घराचा नंबर लिहायचा. मग ती उचलून त्याच दारात नेऊन ठेवायची, बेल दाबायची आणि खाली यायचं. भांडण नाही, तंटा नाही. एका प्राध्यापकांचा कमोड असा त्यांच्याच दारात ठेवला, अख्ख्या मजल्यानं पाहिला. महिनाभर प्राध्यापक मागच्या जिन्यानं ये-जा करत होते.

पण बाहेरून येणाऱ्या सामानाचं काय करणार? शेवटी कमिटीनं सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत टाकणारा धरा, नाहीतर नोकरी सोडा आणि जागाही. हा रात्र रात्र मागे पहारा द्यायला लागला. मग आईकडे बघणार कोण? त्यानं एक वृद्धाश्रम ठरवला. मावशीला म्हणाला, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, आई."

एरवी शब्दाला शब्द देणारी मावशी. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला कळलं तेव्हा असा संताप झाला होता माझा!

रविवारी सकाळी न्यायला गाडी यायची होती. ही आदली रात्र, मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारची. आई झोपल्यावर त्यानं बाहेरून कुलूप लावलं आणि मागे जाऊन बसला. दोन वाजून गेले. जरा डोळा लागला असेल नसेल. उघडून बघतो तर समोर एक खुर्ची.

वेताची. उजव्या हाताला निळी दोरी गुंडाळलेली. त्यानं लगेच ओळखली. चारशे तीनमधले आजोबा रोज संध्याकाळी गेटपाशी ह्याच खुर्चीत बसायचे. मुलांनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं, थोडे दिवस म्हणून. आजोबा तिथेच वारले. वर्षभर घर बंद होतं.

ह्याला वाटलं, मुलांनी आता घर रिकामं करायला काढलंय. असा चिडला, की कोण आलं, कधी आलं, काही विचार नाही. गोल काढला. आत चारशे तीन लिहिलं. खुर्ची खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढला, दारात ठेवली. हातातला खडू खुर्चीवरच ठेवला आणि सवयीनं बेल दाबली.

बेल वाजली.

तो उतरायला लागला. अर्ध्या जिन्यात त्याला आठवलं. त्या घराची वीज बंद होती. फ्यूज त्यानंच काढून ठेवला होता.

तो थांबला.

वर काही नाही… मग लॅच फिरल्याचा आवाज. आतून. दार उघडलं… आणि खुर्ची फरशीवरून सरकायला लागली. हळू. दमलेल्या माणसानं ओढावी तशी. थांबत… पुन्हा ओढत… थांबत…

दार लागलं.

"वर जाऊन बघितलं नाही त्यांनी?"

तू गेली असतीस?

धावत खाली आला. खोलीचं कुलूप तसंच होतं. किल्ली लागेना. लागली. आत शिरला. दिवा लावला. मावशी झोपलेली. श्वास चालू होता. त्याला हायसं वाटलं. मग नजर खाली गेली…

खाटेभोवती खडूचा गोल होता.

आत आकडा. दोन.

सकाळी गाडी आली, तशीच रिकामी परत गेली. कमिटीला त्यानं तोंडावर सांगितलं, काढायचं तर काढा, मी आईला घेऊन रस्त्यावर राहीन. कुणी काढलं नाही त्याला. सामान अजूनही पडतंच. चारशे तीनच्या दारात मात्र खुर्ची नव्हती, आणि पायपुसण्यावरची धूळ जशीच्या तशी होती.

मी दुपारी गेलो. हा फरशीला हात लावायला तयार नव्हता, म्हणून मीच ओलं फडकं घेऊन बसलो. गोल एका हातासरशी पुसला गेला. आकडा निघेना. घासून घासून बोटं दुखायला लागली. वर बघितलं तर मावशी कुशीवर वळून माझ्याकडेच बघत होती.

"नको घासूस रे," ती म्हणाली. "माझा पत्ता आहे तो."

अजून आहे तो आकडा, खाटेखाली.