बोरमाळचं विरजण

बोरमाळच्या चारशे एकरांना गेली अकरा वर्षं एकाच माणसाचे पाय लागत होते, सुवर्णाकाकू मोहित्यांचे. रोज सकाळी अनवाणी बांधाबांधानं फिरायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल!

सहकारी कारखाना बंद पडला, ऊस गेला, मागोमाग माणसं गेली, आणि उरली मिठानं पांढरी पडलेली जमीन. मग शास्त्रज्ञांनी 'विरजण-माती' काढली. दुधाला विरजण लावतात तसं मेल्या मातीला माणसाच्या तळपायांवरच्या जिवाणूंचं विरजण लावायचं. ते मिठाला मुळांपाशी फिरकू देत नाहीत. मात्र रोज नवी भर लागते. आठ दिवस खाडा झाला की संपलं. आणि दुसऱ्या माणसाचे जिवाणू मिसळले, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून बोरमाळात दुसरं कुणी राहायचं नाही, असा नियम. आज भाजी कसली करू, हे काकू मांजराला विचारत.

पुण्यात त्यांच्या लेकीला, ऋतुजाला, मुलगी झाली. काकूंनी पंधरा दिवसांची रजा मागितली. मिळाली नाही. "निदान तिचा वास तरी पाठव गं," म्हणाल्या, तेव्हा लेकीनं नातीचं वापरलेलं दुपटं धाडलं. ते उशाशी घेऊन काकू पोटभर रडल्या.

महिन्याभरानं डॉ. निखत मुजावर आली. ही मिरजेची मृदाशास्त्रज्ञ. मातीला पाय लागू नये म्हणून शेतावर उंच लोखंडी पूल बांधला होता. ती तिथूनच बोलायची.

"काकू, विहिरीजवळच्या यंत्रावर दुसऱ्या माणसाचे जिवाणू दिसतायत. कोण आलं होतं?"

"कोण येतंय मरायला इथं?" काकू म्हणाल्या आणि मग चेहरा पडला. "अगं बया! दुपटं धुतलं मी. बाळाच्या कपड्यांचं पाणी पायदळी जाऊ नये, झाडाच्या मुळाशी ओतावं, असं सासूबाई सांगायच्या. सवयीनं ज्वारीला ओतलं. मेली का गं जमीन?"

"उलट! बघा की, तिथली ज्वारी चार बोटं उंच आहे. एकोणीस जणांचं विरजण आम्ही लावून पाहिलं, ऋतुजाताईंचंसुद्धा. एकही लागलं नाही. नातीचं लागलं!" निखतला आनंद आवरेना. "शहरात मोठं झालं की हे जिवाणू अंगावरून जातात. म्हणून तिला लवकर इथं आणायचं. चालायला लागेपर्यंत तुमच्या मांडीवर वाढेल, मोठी झाली की बांध तीच फिरेल, मग तुम्ही मोकळ्या. जमिनीला वारस मिळाला, काकू! फक्त तिथली ओंजळभर माती द्या. ती तपासल्याशिवाय कुणी मानणार नाही."

काकूंचे हात शिवशिवले. मांडीवर नात! खोटं कशाला सांगू, त्या हो म्हणणारच होत्या.

"आणि मी गेल्यावर तिच्याजवळ कोण?"

"नियम तोच राहणार, काकू. दुसरं कुणी नाही," निखत म्हणाली.

"भांडं आणते," म्हणून काकू घरात गेल्या आणि मिठाचा डबा घेऊन बाहेर आल्या. विहिरीजवळ बसून त्यांनी सगळं मीठ त्या ज्वारीच्या मुळाशी ओतलं, वर बादलीभर पाणी सोडलं.

"काकू, नका! एवढ्या मिठात जिवाणू जगायचे नाहीत, मग तपासायचं काय?" निखत ओरडली. पण पुलावरून खाली उतरायची तिला सोय नव्हती. "तुमच्यामागं या जमिनीचं काय? तालुका खातो हिच्यावर!"

"ते तुम्ही शिकलेली माणसं बघा," काकू म्हणाल्या. "माझं पोर यात घालू नका."

मग रिकामा डबा ओट्यावर ठेवून त्या राहिलेल्या बांधांवर अनवाणी चालू लागल्या.