उठून जाणारे जाऊ देत

दाराआडून तिचीच वाक्यं ऐकू आली आणि ती जिथल्या तिथे थांबली.

"जा पोरी, नाव सोड. माझी काळजी करू नकोस," म्हातारीचा आवाज आला.

"नाही करत," आतला कोणी पुरुष तिला उत्तर देत होता. "पण आई, आजचा दिवस गुपचूप नावेत बसलात तर काय बिघडेल? माझ्यासाठी?"

म्हातारी अर्थातच बसली नाही. पाण्याचा खळाळ झाला, कुणीतरी बुडालं, आणि पुन्हा पहिल्यापासून, "जा पोरी, नाव सोड..."

तिनं दार ढकललं.

त्या काळी खेळ तबकडीवर मिळत, टीव्ही ट्रंकेएवढे जाड असत, आणि व्हिडिओ गेममध्येही गोष्ट असते असं सांगितलं तर नातेवाईक कीव केल्यासारखे बघत. ती अशा गोष्टी लिहायची. कंपनीत सगळे तिला गोष्टवाली म्हणत. खेळात मधेच खेळणं थांबतं आणि सिनेमासारखं दृश्य सुरू होतं, त्याला तिथे कटसीन म्हणायचे. ती सगळी दृश्यं तिची होती.

खुर्चीवर मांडी ठोकून बसलेला माणूस खेळ तपासायला नव्यानं आलेला होता. खेळातल्या चुकांना त्या धंद्यात किडे म्हणतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव किडेमार पडलं होतं.

"तिच्याशी नीट बोला," ती म्हणाली.

तो दचकून वळला. "तुम्ही कोण?"

"तिला लिहिणारी."

तो इतक्या घाईनं उठला की हातातल्या कंट्रोलरची वायर ताणली गेली आणि तो अर्धा वाकलेलाच राहिला. तसाच वाकून म्हणाला, "मग माझं भांडण तुमच्याशीच आहे."

भांडण साधं होतं. पुराचं पाणी चढतंय, आई घर सोडायला तयार नाही, मुलगी एकटी नाव घेऊन निघते... हा निरोप चांगला लांबलचक होता. त्याच्या लगेच पुढे भोवऱ्यातल्या राक्षसाशी लढाई. हरलं की खेळणारा परत निरोपाच्या सुरुवातीला, आणि निरोप ओलांडायला बटण नाही.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळे पुसले, खोटं नाही सांगत. विसाव्यांदा मात्र वाटलं, हिला उचलून नावेत टाकावं."

"विसाव्यांदा बुडालात, हा तुमच्या हातांचा दोष आहे. माझ्या वाक्यांचा नाही."

"हातांचा दोष कबूल. पण शिक्षा कानांना का?"

तिला हसू येत होतं, ते तिनं दाताखाली दाबलं. "बटण मिळणार नाही," एवढं म्हणून ती निघाली. कानाच्या पाळ्या मात्र जिन्यापर्यंत गरम राहिल्या. रागानं की आणखी कशानं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

बटण न देण्यामागे तिचं एक जुनं दुखणं होतं. पाच भावंडांत ती शेंडेफळ. जेवताना ती काही सांगायला लागली की मोठी ताई वाक्य पुरं करून टाकायची, दादा ते चुकीचं ठरवायचा, आणि वडील ताटावरून नजर न उचलता म्हणायचे, "मुद्द्यावर ये." मुद्द्यावर येईपर्यंत सगळे हात धुवायला उठलेले असत. आयुष्यात पहिल्यांदा तिला अशी जागा मिळाली होती, जिथे ती बोलताना कोणी उठून जाऊ शकत नव्हतं. ती जागा ती सोडणार? मुळीच नाही.

मग रोज चहाच्या यंत्रापाशी जुगलबंदी. "आज किती वेळा बुडालात?" हा तिचा नमस्कार, आणि "तुमच्या आईसाहेब अजून ऐकत नाहीत," हा त्याचा. वाद खेळावरून सुरू होई आणि कुठेही भरकटे. ती तर अशी भरकटायची की बोलता बोलता चार गावं फिरून यायची. तो यंत्राला टेकून ऐकत राही. त्याचा चहा रोज गार होई आणि तो रोज तसाच गार पिई. तिच्या हे फार उशिरा ध्यानात आलं.

एके दुपारी त्यानं आव्हान दिलं, की स्वतः खेळून दाखवा. तिनं तो खेळ लिहिला होता, तुकड्यातुकड्यानं पाहिला होता, पण हातात घेऊन कधी खेळली नव्हती! हे कबूल करण्यापेक्षा खेळलेलं बरं, म्हणून ती बसली.

"माझ्या यंत्रावर नको," तो म्हणाला. "त्यावर आम्हा तपासणाऱ्यांसाठी आता दृश्य ओलांडायची कळ बसवलीय. गिऱ्हाईकाला मिळेल तसा खेळा."

ती बुडाली. आईनं निरोप दिला. ती परत बुडाली. पडद्यावरचा पाऊस थांबायचं नाव घेईना. ज्या वाक्यासाठी ती आठवडाभर झुरली होती, ते आता घरमालकिणीच्या उपदेशासारखं वाटू लागलं. आणि मग तिला दिसलं, की तिचा अंगठा कधीपासून एक बटण दाबतोय. ज्या बटणानं काहीच होत नव्हतं.

तिनं हळूच शेजारी पाहिलं. तो मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

"बघितलंस तू," ती म्हणाली.

"काय?"

"...काही नाही."

"मग मीही काही नाही बघितलं." तो हसला. तिच्या तोंडून निसटलेला 'तू' ना तिनं मागे घेतला, ना त्यानं परत केला.

आणि त्याच आठवड्यात मालकांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. तपासणाऱ्याची तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि उपाय त्यांनी परस्पर काढला होता. निरोप कापायचा. आई म्हणेल जा, मुलगी जाईल, संपलं.

"मुद्द्यावर या ना," मालक समजुतीनं म्हणाले.

तिनं किडेमाराकडे असं पाहिलं, की तो पांढराफटक पडला. आपण बटण मागितलं होतं, कात्री नव्हे, असं तो सांगू लागला. मालकांनी हात झटकला. बटण दिलं तर सगळेच दाबतील, मग एवढा खर्च करून दृश्य ठेवायचं कशाला?

ती उभी राहिली. लहानपणापासून गिळलेली सगळी अर्धी वाक्यं एकदम घशाशी आली होती.

"बटण द्या," ती म्हणाली. "मीच नको म्हणत होते, आता मीच मागते. उठून जाणारे जाऊ देत. बसतील ते माझे. पण त्यातली एक ओळ कापलीत, तर खेळावरून माझं नावही कापा."

"कोणी बसणार नाही हो."

"एक जण बसतो." ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या यंत्रावर कळ होती ना? किती वेळा दाबलीस?"

तो लाल झाला. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. "कळ बसवली तेव्हा सुरुवातीला दाबायचो. पुष्कळदा," तो म्हणाला. "पण नाव सुटताना म्हातारी दिवा लावते, आणि काहीतरी सांगायचं असतं तिला... आणि सांगत नाही. तेवढ्यासाठी नंतर दाबवेना. काल तर नुसतं तेच बघायला खेळ लावला." मग मालकांकडे बघून म्हणाला, "तिचं नाव काढणार असाल तर माझंही काढा. कापलेला खेळ ठीक आहे, असं मी म्हणणार नाही."

मालकांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. "दोघंही डोक्यावर बसलात माझ्या," ते पुटपुटले. "द्या बटण. राहू दे तुमची म्हातारी."

बाहेर जिन्याच्या वळणावर दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं. ती कठड्याला टेकली. तो दोन पायऱ्या खाली थांबला, त्यामुळे दोघांचे डोळे एका रेषेत आले.

"मला तुला काही सांगायचंय," ती म्हणाली. "लांबलचक आहे."

"ओलांडायला बटण?"

"आहे. खाली जायला जिना आहे."

त्यानं खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग होत्या त्याच पायरीवर फतकल मारून बसला.

तिनं पार जेवणाच्या ताटांपासून सुरुवात केली. ताई, दादा, वडील... मधेच तिला घरमालकिणीचं मांजर आठवलं, त्याचंही सांगून झालं. मग गार चहा. मग कालपासून छातीत काहीतरी धडधडतंय ते, आणि मग... जिथे आजवर प्रत्येकानं तिला तोडलं होतं, बरोबर तिथे ती सवयीनं थांबली. कोणीतरी आता वाक्य पुरं करेल, कोणीतरी हात धुवायला उठेल, म्हणून.

कोणी उठलं नाही. खालून कुणी वर येत होतं, त्याला वाट द्यायला तो पायरीवरच किंचित सरकला, आणि नजर न हलवता म्हणाला,

"मग?"